आंबट मुंग्यांची आई

थोंगसुक माझा धाकटा भाऊ. सख्खा, पाठचा. आणि तो जो काही झाला तो माझ्यामुळं, हे आधीच सांगून ठेवतो. आमच्या बान नोन खाम गावात कुणालाही विचारा, 'मुंग्यांचा सुक कुठं राहतो?' बोट दाखवतील. पण त्या सुकला घडवलं कुणी, हे कुणी सांगणार नाही. म्हणून मी सांगतो. मी प्रामुआन. चौथी पास, तीही पहिल्या फटक्यात.

सुक चौथीला दोनदा बसला. डोकं नव्हतं असं नाही, पण तोंड फार होतं. दिसेल ते तोंडात घालायचा. खडू, पाटीचा कोपरा, गुरुजींच्या सायकलची घंटी. आई म्हणायची, "याला डोळे आहेत कशाला? हा बघतो जिभेनं."

आमच्याकडं कच्च्या पपईच्या कोशिंबिरीला घरात लिंबू नसलं तर झाडावरच्या लाल मुंग्या ठेचून घालतात. पानं शिवून घरटी करतात ना, त्या. त्यांचं नावच आमच्या बोलीत 'मोत सोम', म्हणजे आंबट मुंगी. एकदा जेवायला बसलो होतो. सुक सात वर्षांचा असेल. घास खाऊन म्हणाला, "आजच्या मुंग्या चिंचेवरच्या आहेत. परवाच्या आंब्यावरच्या होत्या." आई खलबत्ता धुवायला निघाली होती, ती तिथंच थांबली. कारण तिनं खरंच त्या दिवशी चिंचेची फांदी ओढली होती आणि ते तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला शाळेमागं नेलं. डोळे मिटायला लावले आणि पाच झाडांवरच्या पाच मुंग्या एकेक करून जिभेवर ठेवल्या. पाचही बरोबर! झालं, त्या दिवसापासून मी त्याचा मॅनेजर. आजूबाजूच्या तीन गावांतल्या पोरांच्या गोट्या आम्ही जिंकल्या. गोट्या अर्थात माझ्याकडं राहायच्या. जीभ त्याची असली तरी ती हेरली कुणी?

आणि मुंग्यांतला मोठा भेद त्याला मीच दाखवला. म्हणजे सगळ्या गावाला तो माहीतच असतो, पण त्याला मी दाखवला. उन्हाळ्यात घरटं हलवलं की पांढरी अंडी पडतात, अळ्या पडतात, आणि त्यात मोठ्या मोठ्या हिरव्या पंखवाल्या माद्या असतात. उद्या उडून दुसरीकडं जाऊन आई व्हायच्या, त्या. त्यांना आम्ही 'मे पेंग' म्हणतो. 'मे' म्हणजे आईच. कामकरी मुंगी दाताखाली आली तर आंबट, डोळ्यात गेली तर पाणी काढणारी. पेंग तशी नाही. पेंग लोण्यासारखी. मीठ लावून परतली तर उत्तमच, पण झाडाखाली उभ्या उभ्या खायची मजा निराळी. अंगठ्यानं पंख उपटायचे आणि टाकायची तोंडात. आमच्याकडं मुंग्या काढायला गेलेला माणूस रिकाम्या तोंडानं काम करत नाही.

पुढं कॉलेजातून पिमनारा बाई आल्या, तेव्हा या गोष्टीचा केवढा बोलबाला झाला! बाईंच्या हातात काचेच्या नळ्या, मागं दोन मुली छत्र्या धरून. तीन दिवस त्यांनी सुकच्या झाडांवरच्या मुंग्या वेचल्या. कामकरी वेगळ्या, पेंग वेगळ्या, नर वेगळे. दोन महिन्यांनी कागद घेऊन परत आल्या. कागदावर नुसते डोंगर काढल्यासारख्या रेघा.

"हा कामकऱ्यांचा," बाई म्हणाल्या, "आणि हा पेंगचा. एकाच आईच्या लेकी, पण अंगातली द्रव्यं निराळी. कामकरीच्या पोटात आम्ल आहे, पेंगच्या अंगात चरबी भरली आहे. कातडीवरचा तेलकट थरसुद्धा दोघींचा वेगळा."

"म्हणजे पेंग लोण्याची आणि कामकरी आंबट," सुक म्हणाला.

"हो, तसंच म्हणा."

"मग बाई, दोन महिने कशाला लागले?"

मी इतका हसलो की मला ठसका लागला. बाईसुद्धा हसल्या. चांगल्या होत्या. मग सुकनं विचारलं, "आणि आईचा कागद?"

"आईचा नाही," बाई म्हणाल्या. "एवढ्या झाडांवर शेकडो घरटी, आणि त्यातल्या एका घरट्यात ती एकटी. तिला धरून नेलं तर तुमचं सगळं बसेल. पण वाचलेलं सांगते. कामकरी तिला चाटत असतात. तिच्या अंगावरचं द्रव्य त्या एकमेकींच्या तोंडी देतात आणि तसं ते सगळ्या झाडांवर पोचतं. त्यावरून सगळ्यांना कळतं की आई आहे. म्हणून त्या घर सांभाळतात."

"ते मला लागतं," सुक म्हणाला. "तिच्या जवळच्या मुंग्यांना आंबटाच्या खाली एक चव असते."

"कसली?"

सुकनं जीभ टाळ्याला लावून बघितली. "जुन्या लाकडी पळीची."

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. मी त्यांना माझंही नाव लिहायला लावलं, स्पेलिंग सांगून.

तर ही झाडं. आता त्यांच्याबद्दल सांगतो. सुक चव्वेचाळिसाव्या वर्षी कोठाराच्या छपरावरून पडला आणि त्याचं कंबरेचं हाड कायमचं वाकडं झालं. भाताची लावणी संपली, कापणी संपली. वाकता येत नाही त्या माणसाला शेतात कोण बोलावणार? बायको बुआलोय रेशमाचे किडे पाळायची, मुलगी चोनबुरीला कारखान्यात. आणि हा खाटेवर बसून भिंतीकडं बघायचा. मी रोज जाऊन त्याला धीर द्यायचो. "अरे, माझा भाऊ आहेस तू," म्हणायचो. त्यानं फार फरक पडत होता असं बुआलोय म्हणत नाही, पण मी जायचो.

एक दिवस तो काठी टेकत सी आजीच्या शेताच्या बांधावर गेला. तिथं नऊ आंब्याची झाडं. खालच्या फांदीवर एका दुमडलेल्या पानात एकटीच बसलेली पेंग त्याला दिसली. पंख गळालेले, पोटाखाली चिमूटभर अंडी. नुकतीच आई व्हायला बसलेली. दुसरा कुणी असता तर खाऊन टाकली असती. सुक रोज जाऊन तिच्याकडं बघायला लागला. पक्ष्यांपासून राखायला पानाभोवती काटेरी डहाळ्या बांधल्या. काळ्या मुंग्या चढू नयेत म्हणून बुंध्याला तेलाचं फडकं गुंडाळलं. वर्षानं एक घरटं, दोन वर्षांनी अकरा, आणि आठ वर्षांत नऊ झाडांवर एकशे चाळीस घरटी. सगळ्या त्या एकीच्या. आणि हे काम उभ्यानं होणारं! लांब बांबू, टोकाला टोपली, घरट्याला टोचायचं, हलवायचं, अंडी टोपलीत. वाकायला नको. कसावाचं पीठ भुरभुरलं की मुंग्यांचे पाय घसरतात, त्या सोडून जातात, अंडी राहतात. हंगामात लोक सुकच्या दारात भांडी घेऊन उभे राहायचे. बाजारात बुआलोयची टोपली उतरायच्या आत संपायची. ती आई ज्या घरट्यात असेल असं त्याला वाटे त्याला तो कधी हात लावायचा नाही. ती मधूनमधून घरटं बदलते, पण त्याला अंदाज असायचा.

मी गावात सांगायचो, "माझा भाऊ जिभेनं मुंग्यांची राणी शोधतो." उदोम आमचा शेजारी, त्याची जीभ वेगळ्या कामाची. तो म्हणायचा, "आणि मोठा भाऊ जिभेनं काय करतो ते अख्ख्या गावाला माहीत आहे."

यंदा सोंगक्रानचा, नव्या वर्षाचा सण उरकून आठ दिवस झाले होते. बुधवारी सकाळी सी आजी काठी आपटत सुकच्या अंगणात आली. उभीच राहिली.

"सुक, बाळा, मी काही करू शकत नाही रे. पायबूननं ठरवलंय."

पायबून तिचा मुलगा, रायोंगला नोकरीला. शेत त्याच्या नावावर.

"काय ठरवलं, आजी?" बुआलोयनं विचारलं.

"ऊस लावायचा. बांध काढून दोन्ही तुकडे एक करणार. ट्रॅक्टर शुक्रवारी सकाळी येणार, आंब्याची झाडं आधी पाडणार. मी म्हटलं, अरे, सुकच्या मुंग्या आहेत. तर म्हणतो, आई, मुंग्या चालत जातात."

सुकनं तोंड उघडायच्या आत मी बोललो. मी असताना माझ्या भावाला बोलायची गरज नाही. आजीच्या समोरच फोन लावला.

"पायबून, मी प्रामुआन बोलतोय."

"बोला, मुआन काका."

"ती झाडं राहू दे. माझा शब्द आहे."

"काका, शब्दाचं ठीक आहे, पण ट्रॅक्टरवाल्याला वेळ देऊन ठेवलाय. पावसाआधी सरी पाडायला हवी. सुककाकाला सांगा, घरटी घेऊन जा म्हणावं, सगळी घ्या. माझी हरकत नाही."

"अरे, मी तुला खांद्यावर घेऊन तलावावर नेलंय!"

"हो काका, आणि तिथं विसरून आलात. आई अजून सांगते."

आजी दुसरीकडं बघायला लागली. मी फोन ठेवला. गावात माझ्या शब्दाला वजन आहे, पण रायोंग लांब आहे.

सुक म्हणाला, "दादा, दोन दिवस आहेत. आई सापडली तर सगळं घर हलवता येईल. घराच्या मागच्या चार आंब्यांवर नेऊ. ती तिथं असली तर बाकीच्या राहतील."

"आणि नाही सापडली तर?"

"तर मुंग्या नेऊन काय उपयोग? लढतील, परत चालत जातील, मरतील."

"या एवढ्या पेंग आहेत की घरट्यांत, शेकड्यांनी! त्यातली एक बसवू."

"त्या पोरी आहेत, दादा. त्या उडायच्या, नर भेटायचा, मग कुठं आई व्हायच्या. आज धरून बसवली तर नुसती बसेल. आणि नव्यानं सुरू करायचं तर परत तीन वर्षं काही हाती नाही." हे बोलताना त्यानं कंबरेवर हात ठेवला होता. तो चोळत नव्हता, नुसता ठेवला होता.

बुधवारी दिवसभर त्यानं सहा झाडं केली. शिडीवर चढता येत नाही, म्हणून बांबूच्या टोकाला फडकं बांधून प्रत्येक घरट्याला लावायचं, त्यावर चार मुंग्या चढल्या की खाली घ्यायचं, एक चावायची, थुंकायची, चूळ भरायची, पुढं. दुपारपर्यंत त्याचे ओठ सुजले. बुआलोय नारळाचं पाणी घेऊन उभी. संध्याकाळी म्हणाला, "मधल्या तीन झाडांत कुठंतरी आहे. चव जवळ येते आणि जाते. पण आता जिभेला काही कळेना झालंय. उद्या."

गुरुवारी सकाळी जीभ पांढरी पडली होती. मी म्हटलं, "तीन झाडं उरलीत ना? एक तू कर, एक मी करतो, तिसरं दोघं मिळून."

"दादा, तुला चव लागेल?"

"तुला कुणी शिकवलं?"

तो हसला. सुजलेल्या ओठांनी हसला. म्हणाला, "ठीक. पण घरटं उघडू नकोस. बाहेरच्या मुंगीची चव घे. चव लागली तर फांदीसकट कापून पोत्यात घ्यायचं, न हलवता. आत बघायचं नाही. आई आत असेल तर हलवल्यानं ती खाली येते आणि मग काही खरं नाही."

"कळलं रे. मला काय सांगतोस?"

आता हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. मला चव लागली नाही. एकही नाही. पहिली मुंगी आंबट, दुसरी आंबट, विसावी आंबट. पळी नाही, लाकूड नाही, काही नाही. पण उदोम आणि आणखी चार जण कुंपणापाशी बघायला आलेले. उदोम ओरडला, "काय मुआन, राणीसाहेब भेटल्या का?"

"भेटतील! घाई काय?"

"अहो, ती तुम्हाला ओळखायची नाही. भावाला पाठवा."

भाऊ पलीकडच्या झाडाखाली पाठमोरा होता. मी विचार केला, जिभेनं नाही तर डोळ्यांनी बघू. मोठी मुंगी आहे, दिसेलच की! वरची तीन घरटी उरली होती. मी बांबूला टोपली बांधली, पीठ घेतलं, आणि घरटं टोचून हलवलं. हे हात पन्नास वर्षं हेच करत आलेत. ओतलं टोपलीत. अंडी, अळ्या, पेंगचा खच. बघितलं, नीट बघितलं. सगळ्या पंखवाल्या. दुसरं घरटं. पंखवाल्या. उदोम कुंपणावरून आत आला, टोपलीत हात घातला, एक पेंग उचलून खाल्ली. "गोड आहे हो यंदा." मीही एक खाल्ली. कुणीही खाईल. सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि तोंड आम्लानं सोलवटलं होतं. लोण्यासारखं लागलं, बरं वाटलं. आणखी दोन-तीन खाल्ल्या.

तिसरं घरटं झाडाच्या पार वर होतं. हलवलं. टोपली खाली घेतली, पीठ मारलं. मुंग्या सगळ्या घसरायला लागल्या, पण एका ठिकाणी मुठीएवढा पुंजका सुटेना. मला वाटलं चिवट आहेत. जोरानं फुंकर मारली, अजून पीठ टाकलं, झटकल्या. आतून पिठानं पांढरी झालेली एक पेंग निघाली. मी उदोमशी बोलत होतो. काय बोलत होतो तेही आठवतंय. मी सांगत होतो की पिमनारा बाईंच्या वहीत माझंही नाव आहे. बोलता बोलता अंगठा तिच्या पाठीवरून फिरवला, पंख उपटायला. हाताला काही लागलं नाही. तोवर ती तोंडात होती.

लोणी नव्हतं. आंबटही नव्हतं. जुनी लाकडी पळी चाटल्यासारखं.

मी गिळलं की थुंकलं? थुंकलं. हातावर थुंकलं, बघितलं. बघण्यासारखं काही राहिलं नव्हतं. उदोम म्हणाला, "काय झालं? कडू निघाली?"

"हं," मी म्हटलं, आणि हात खांद्यावरच्या चौकड्यांच्या पंच्याला पुसले.

टोपलीतल्या मुंग्या वेड्यासारख्या माझ्या हातावर धावत होत्या, आणि मी झाडाला टेकून खाली बसलो. सुकनं पलीकडून विचारलं, "दादा, तुझ्या झाडात?"

मी खोटं बोलणारा माणूस नाही. मी फक्त मान हलवली. त्याला ती 'नाही' वाटली.

मग त्यानं आपलं झाड पुरं केलं. तिसरं केलं. मग माझं झाड पुन्हा. फडकं लावतोय, चावतोय, थुंकतोय. मी बांबू धरून उभा. दुपारी दोन वाजता एक मुंगी चावून तो थांबला. परत एक चावली. म्हणाला, "दादा, इथंच आहे. अगदी ताजी चव आहे. आत्ता इथं होती." आणि टोपलीतलं पीठ, फाटलेली पानं, सगळं एकेक करून चाळायला लागला. बुआलोय पण बसली. दोघं नवरा-बायको जमिनीवर बसून वाळकी पानं उलगडत होते. सुकला असं खाली बसता येत नाही खरं तर. एक पाय लांब करून, एका कुशीवर कलून बसला होता.

"दादा, तू हे घरटं उघडलंस?"

"फांदी मोडली. आपोआप पडलं."

उदोम तिथंच होता. जन्मात पहिल्यांदा तो माणूस गप्प बसला. त्यालाही कळलं नव्हतं नेमकं काय झालं ते, पण माझ्या तोंडाकडं बघून गप्प बसला. ते मला जास्त लागलं.

ऊन कलल्यावर सुक म्हणाला, "जमिनीवर कुठंतरी पडली असेल. किंवा एखाद्या पुंजक्यानं ओढून नेली असेल. सगळंच नेऊ. जेवढी जमतील तेवढी घरटी नेऊ, एखाद्यात असेल." गावातले आठ-दहा लोक आले. मी हाका मारून आणले, तेवढं तरी करायला नको? पोती भरली, हातगाडीवर टाकली, सुकच्या घरामागं आणून चार आंब्यांना बांधली. मुंग्या चावून चावून सगळ्यांचे हात सुजले. बुआलोयनं सगळ्यांना चिकट भात आणि वाळवलेली मासळी वाढली. सुक जेवला नाही. जीभच नव्हती राहिली. तो दिवस मावळेपर्यंत नव्या झाडांखाली उभा होता. मुंग्या पोत्यातून निघून बुंध्यावरून खाली येत होत्या, कुंपणाच्या तारेवरून रांग धरून सी आजीच्या शेताकडं परत निघाल्या होत्या. तो त्यांना काडीनं उचलून परत झाडावर ठेवायचा. त्या परत उतरायच्या.

"दादा, घरी जा. थकला असशील," तो मला म्हणाला. मला!

मी गेलो. पंचा त्याच्या कुंपणावर वाळत टाकलेला तिथंच विसरलो. कॉलेजच्या बाईंना फोन करावा असं वाटलं, नंबरही होता. काय विचारणार होतो? खाल्लेली परत कशी आणायची?

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टरचा आवाज आला तेव्हा मी सुकच्या अंगणात होतो. रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता, उजाडताच आलो. सांगायचं ठरवून आलो होतो, शपथ. वाक्यही जुळवलं होतं.

सुक कुंपणापाशी उभा होता. आदल्या दिवशीची रांग, शेताकडं परत निघालेली, ती आता तारेवर अर्ध्यात थांबली होती. थांबून माझ्या पंच्यावर चढली होती. पंच्याच्या एका कोपऱ्यावर मुंग्यांचा गोळा जमलेला. एकावर एक, नारळाएवढा. त्या चावत नव्हत्या, पळत नव्हत्या. चाटत होत्या. बाहेरून नव्या येत होत्या आणि आतल्या त्यांच्या तोंडाला तोंड लावत होत्या.

मी तिथंच थांबलो. सुकनं माझ्याकडं बघितलं नाही. त्यानं त्या गोळ्यातली एक मुंगी बोटावर घेतली आणि सुजलेल्या जिभेवर ठेवली. डोळे मिटले. सी आजीच्या शेताकडून पहिलं झाड पडल्याचा आवाज आला.

"दादा," तो म्हणाला, "पंख होते का?"

"नव्हते," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. बुआलोय दारात उभी होती, हातात विळा होता. त्यानं तो मागून घेतला आणि पंच्याचा तेवढा कोपरा कापला, मुंग्यांसकट, एकीलाही न झटकता. मग लंगडत मधल्या आंब्याकडं गेला. तिथं वरच्या फांदीला बांधलेलं एक घरटं होतं, त्याची पानं अजून हिरवी होती, आणि खाली कालची शिडी तशीच टेकलेली.

"किती दिवस पुरेल?" मी विचारलं.

"चव आहे तोवर," तो म्हणाला. "आठवडा. दोन असतील. त्या समजतील ती आहे."

"आणि मग?"

"मग काही नाही, दादा."

मी म्हटलं, मी चढतो वर, तुला शिडी जमत नाही. तो म्हणाला, नाही, तू खाली राहा. आणि फडकं दातात धरून तो स्वतः चढायला लागला, एक पाय वर, दुसरा ओढून, परत एक पाय वर. पाचव्या पायरीवर थांबला. फडकं तोंडातून काढून हातात घेतलं.

"शिडी धर," तो म्हणाला.

मी धरली.